सुईचं नाक आणि उंट: तो 'छोटा दरवाजा' कुठेय हो?

जय ख्रिस्त मंडळी! बायबलातल्या मार्क १० वरचा व्हिडिओ टाकल्यापासून खाली एकच कमेंट फिरून फिरून येतेय, म्हणून आज परत बसलोय. "ब्रदर, तुम्ही उंटाचा खरा अर्थ सांगितलाच नाही, यरुशलेमच्या तटाला सुईचं नाक नावाचा छोटा दरवाजा होता, उंटाचं ओझं उतरवून त्याला गुडघ्यावर बसवून आत घ्यायचे." एकांनी तर टूरला काढलेला फोटो पाठवलाय, स्वतः दरवाजात वाकून उभे आहेत. फोटो छान आलाय, वाद नाही.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे, पटकन उरकतो. श्रीमंत माणूस धावत येतो, गुडघे टेकतो, सार्वकालिक जीवनासाठी काय करू विचारतो, आज्ञा लहानपणापासून पाळल्यात म्हणतो. येशू त्याच्याकडे बघतो, त्याच्यावर प्रीती करतो आणि सांगतो, जे आहे ते विक, गरिबांना दे, माझ्यामागे ये. त्याचं तोंड उतरतं, निघून जातो, कारण मालमत्ता भरपूर. मग उंटाचं वचन येतं: श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं.

आता तो दरवाजा. पहिल्या शतकातल्या यरुशलेममध्ये या नावाचा दरवाजा होता याचा एकही पुरावा नाही. त्याच शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस शहराच्या तिन्ही तटांचं वर्णन करतो, कुठल्या बुरुजापासून कुठे वळण घेतलं इथपर्यंत, त्यात हा दरवाजा नाही. ही गोष्ट येते ती शेकडो वर्षांनी, मध्ययुगात. आणि तालमुद या ज्यूंच्या धर्मग्रंथात त्यांच्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, हत्ती सुईच्या नाकातून जाण्याचं उदाहरण दिलंय, म्हणजे कधीच न होणारी गोष्ट. हत्तींसाठी वेगळा दरवाजा होता असं अजून तरी कोणी कमेंटमध्ये म्हटलेलं नाही.

बरं, इतिहास सोडा, तुम्हाला कंटाळा येत असेल. शिष्य काय करतात ते बघा ना! ते थक्क होतात, म्हणतात मग तारण तरी कोणाचं होणार? अरे, उंट जरा वाकवला की आत जात असेल तर यात थक्क होण्यासारखं काय आहे? त्यांच्या डोक्यात श्रीमंती म्हणजे देवाचा आशीर्वाद, आज्ञा पाळणाऱ्याची भरभराट होईल असं सांगणारा अनुवाद २८ वाचून वाढलेली पोरं ती, आशीर्वादितच बाहेर राहिला तर आपलं काय ही भीती आहे. आणि येशू काय "घाबरू नका, ओझं उतरवा" म्हणतो का? तो म्हणतो, माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही. अशक्य! नुसतं अवघड म्हणून सोडलं नाही.

अजूनही कोणाला पटत नसेल तर सतरावं वचन उघडा. तो माणूस आला तेव्हाच गुडघ्यावर होता. दरवाजावाले म्हणतात नम्र व्हा, गुडघे टेका, की झालं. त्याने टेकले होते की! टेकूनही तसाच गेला. या एका वचनाने मला तरी दरवाजाची गोष्ट संपली.

मला राग कशाचा येतो माहितीय का, ही गोष्ट मी एका ओळखीच्यांच्या नव्या फ्लॅटच्या प्रार्थनेत ऐकली, कोण उपदेश करत होतं ते सांगत नाही, आणि सगळ्यांचे चेहरे असे काही सैल झाले, मग लगेच सामोसे आले. श्रीमंत माणूस निदान खिन्न होऊन गेला, त्याला कळलं होतं आपल्याला काय सांगितलंय. आपण ते ऐकून खुशीत घरी जातो. माझ्या मते यातला आंधळेपणा तो हा.

आणि आंधळा म्हणाल तर याच अध्यायाच्या शेवटी खराखुरा आहे, बार्तीमय, यरीहोच्या रस्त्यावर भीक मागणारा. येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? हाच प्रश्न थोडं वर याकोब आणि योहानाला विचारलाय, दोघांचे डोळे शाबूत, त्यांनी उजवी-डावीकडची जागा मागितली. बार्तीमय म्हणतो, मला दिसावं. त्याच्याआधी काय करतो? अंगावरचं वस्त्र टाकून देतो आणि उठतो. निर्गम २२ मध्ये नियम आहे, गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं तर सूर्य मावळायच्या आत परत करा, कारण तेवढंच असतं त्याच्याकडे. म्हणजे बार्तीमयकडेही तेवढंच असणार; त्याला कोणी विक म्हणालं नव्हतं, तरी ते तिथेच टाकून आला, आणि दिसायला लागल्यावर त्याच वाटेने येशूच्या मागे गेला.

आता दुसरी ठरलेली कमेंट: "मग काय सगळं विकायचं का, पोरांच्या फिया कोण भरणार?" अहो, मी हिशोबनीस नाही. सगळ्यांना एकच आज्ञा दिलेली दिसत नाही, लूक ८ मधल्या बायका आपल्या पैशांतून येशूचा आणि शिष्यांचा खर्च चालवत होत्या. पण आपल्याकडे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची पगाराची नोकरी सोडली, साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची मंडळी काढली, त्यांनी 'जे आहे ते विक' हे वाक्य वाकवून वाचलं नाही. "मला सांगितलेलं नाही" हे ठरवायची घाई मात्र कोणाला जास्त असते ते बघा, दशमांश देतो म्हणजे बाकीच्या नव्वद टक्क्यांबद्दल देवाने बोलूच नये असं ज्यांना वाटतं त्यांना. तीन जणांनी हे अक्षरशः लिहिलंय खाली.

लूक १९ मधल्या श्रीमंत जकातदार जक्कयाबद्दल पण विचारलंय, त्याने अर्धंच दिलं तरी कसं चाललं म्हणून. त्यावर वेगळा व्हिडिओ करतो, कारण ती चौपट परतफेड निर्गमातल्या मेंढरांच्या चोरीच्या नियमातून येते आणि ते दोन मिनिटांत होणार नाही. बसताना लूक १९ आणि निर्गम २२ दोन्ही उघडून ठेवा.