उद्याच्या अंकात दुरुस्ती

(एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

'पान सुटलं', म्हणजे पान तयार होऊन छपाईला गेलं, हे दोन शब्द ज्याने रात्री एक वाजता ऐकलेत, त्यालाच त्यातलं सुख कळेल. मी पुण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो तेव्हा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याचे दिवस संपले होते. ब्रोमाइडच्या, म्हणजे मजकूर उमटवलेल्या फोटोकागदाच्या, पट्ट्या कापून पानावर चिकटवायच्या, ओळ वाकडी गेली तर ब्लेडने सोडवून पुन्हा लावायची. बाहेरगावची डाक आवृत्ती आधी जायची, शहर आवृत्ती शेवटी. पान सुटलं की चहा. मग जगात काहीही घडो, ते उद्याचं. पहाटे आप्पा बळवंत चौकात गठ्ठे उतरायचे, विक्रेते फुटपाथवर बसून पुरवण्या घालायचे आणि उजाडेपर्यंत माझी चूक कोथरूडला पोचलेली असायची.

हो, चूकच. आज तिच्याविषयीच बोलणार आहे. पेपर ऑनलाइन गेला म्हटल्यावर कागदासाठी हळहळणारे पुष्कळ भेटतात. शाईचा वास वगैरे. मला त्या वासाने शिंका यायच्या.

आणि ऑनलाइनचं जे चांगलं आहे ते आधी मोकळेपणाने मान्य करू. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं ते सकाळी. अशी बातमी छापील अंकात सविस्तर यायची तर दुसरा दिवस उजाडणारच. आता पावसाळ्यात खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला का, हे नदीकाठच्या माणसाला तासातासाला मोबाइलवर कळतं. इथे छापील पेपरने हात जोडावेत. 2020 च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत पुण्यात घरोघर पेपर टाकायलाच बंदी आली. ज्यांनी 'आम्ही स्क्रीनवर वाचत नाही' म्हणून आयुष्य काढलं होतं, ते त्या दिवसांत पीडीएफ मोठी करकरून वाचायला शिकले. आमच्या सोसायटीतले दोघे तर परत कागदाकडे वळलेच नाहीत.

पण एक गोष्ट हिशेबात राहून गेली. छापील मथळा जागेत बसवावा लागायचा. दोन कॉलमी मथळ्यात अक्षरं मोजून टाकायची, एक जास्त झालं तरी बाहेर. त्यामुळे मथळ्यातच बातमी संपायची: 'सोमवारी निम्म्या शहरात पाणी नाही'. आता तीच बातमी 'पुण्यातील 'या' भागात पाणी येणार नाही, तुमचा भाग आहे का?' अशी येते. त्या अवतरणातल्या 'या'चा मला मनस्वी राग आहे. पूर्वी आम्ही बातमी सांगायचे पैसे घ्यायचो, आता ती लपवायचे मिळतात. (हशा) हसू नका, गणित साधं आहे. अंकाची किंमत कागदाचा खर्चही भरून काढत नव्हती, पेपर चालायचा जाहिरातींवर. घर भाड्याने, वधू पाहिजे, वापरलेली स्कूटर, या छोट्या जाहिराती आधी निघून गेल्या. उरल्या त्या क्लिकवर मिळणाऱ्या, आणि त्यांचा दर चिल्लर.

दुसरं नुकसान आपल्या लिपीचं झालं, ते इंग्रजी पेपरांना समजणारही नाही. 15 ऑगस्ट 1995 ला आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं. मराठी पेपर त्यावर गेले ते आपापले फॉन्ट घेऊन. युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारा, तक्ता 1991 चा, त्यात देवनागरी होती, पण आमच्या यंत्रांवर ती यायला फार वर्षं गेली. तोवर प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी. पुढे जुना मजकूर युनिकोडमध्ये फिरवला तेव्हा आणखी गंमत. जुन्या फॉन्टांत रफार अक्षरानंतर टाइप व्हायचा आणि पहिली वेलांटी अक्षराआधी. यंत्राने तो क्रम तसाच उचलला. 'कार्यक्रम'चा 'कायर्क्रम' झाला, 'धर्म'चा 'धमर्'. हे शब्द आजही नेटवर भटकताना दिसतील. 'कार्यक्रम' म्हणून शोधलंत तर ती बातमी सापडणारच नाही.

आणि तिसरं, ज्यासाठी मी इथवर आलो. 'केसरी'चा पहिला अंक 4 जानेवारी 1881 चा, 'सकाळ'चा 1 जानेवारी 1932 चा. हे आपण बेधडक सांगतो, कारण अंकाला तारीख असते आणि त्या तारखेला त्यात जे छापलं ते कुणाच्या बापाला बदलता येत नाही. ऑनलाइन बातमी दुपारी एक असते, संध्याकाळी दुसरी. चुकलेला आकडा गुपचूप दुरुस्त होतो. दुरुस्त व्हावाच, पण आधी काय होतं ते कुठेच उरत नाही. आमच्याकडे चूक झाली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींची दुरुस्ती यायची आणि सकाळी दहाला संपादकांच्या केबिनमध्ये आमची हजेरी.

मी निवृत्त होण्याच्या सुमारास एक बाई कार्यालयात आल्या. त्यांच्या वडिलांना पूर्वी मिळालेल्या पुरस्काराची बातमी हवी होती. संकेतस्थळावर त्या वर्षाचं पान उघडलं तर सगळी खिचडी. मग तळघरात जाऊन बांधीव फाइल काढली. धूळ, वाळवीची एक वाट, पण पान शाबूत. फोटोखाली 'साने'चं 'माने' केलं होतं. ते पान मीच लावलेलं. बाई काही बोलल्या नाहीत. मी दुसऱ्या दिवशीचा अंक उलटला. पान पाच, खाली उजवीकडे, चार ओळी. त्यांनी मोबाइल काढला आणि दोन्ही पानांचे फोटो घेतले.