पलंगावरचे तीन आठवडे

(दृश्य: पांढऱ्या चादरीचा पलंग. खाली धावायच्या बुटांची जोडी.)

साल १९६६. अमेरिकेतलं टेक्सास राज्य, डॅलस शहर. विशीतली पाच मुलं पलंगावर आडवी झाली आहेत. कुणाला ताप नाही, कुणाचं हाड मोडलेलं नाही. दोघं तर नेमाने व्यायाम करणारी, चांगली कसलेली. तरी पाचही जणांना बजावलंय: तीन आठवडे उठायचं नाही.

ऐकायला सुखाचं वाटतं. पड जरा, अंगात ताकद येईल, असं घरोघरी म्हणतातच. तेव्हा डॉक्टरही तेच म्हणत. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला कित्येक आठवडे अंथरुणातून हलू देत नसत. हे औषध धडधाकट शरीरात नेमकं काय करतं, ते मोजायला ही मुलं झोपवली होती.

मोजणाऱ्यांत एक स्वीडिश तरुण होता, बेंग्ट साल्टिन. वय ३१. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातून धावायचं, हा ओरिएंटियरिंग नावाचा खेळ त्याच्या आवडीचा. पुढे त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा तो अध्यक्षही झाला. अशा माणसाने कुणाला झोपवून ठेवावं, हीसुद्धा गंमतच. बरोबर जेरे मिचेल, गुन्नार ब्लोमक्विस्ट आणि इतर मंडळी होती.

(दृश्य: ट्रेडमिल. नाकाला चिमटा, तोंडात नळी.)

अशी चाचणी करतात ती साधारण या तऱ्हेने. माणसाला पळवायचं, सोडलेला श्वास गोळा करायचा, चढ वाढवत न्यायचा. एक क्षण असा येतो, की चढ वाढतो, पाय अजून पळत असतात, पण शरीर आधीपेक्षा जास्त ऑक्सिजन घेऊ शकत नाही. तो आकडा म्हणजे व्हीओटू मॅक्स. हल्ली मनगटावरचं घड्याळ तो अंदाजाने सांगतं आणि पळणारी मंडळी व्हॉट्सअ‍ॅपवर मिरवतात. आपल्याकडे जुना शब्द आहे, दमसास. मला तोच जवळचा वाटतो.

पलंगावर जाण्याआधी पाचांची सरासरी होती मिनिटाला ३.३ लिटर. तीन आठवड्यांनी उरली २.४.

गेला कुठे हा दमसास? हृदयाचे ठोके काही मंदावले नव्हते. जीव तोडून पळताना ते मिनिटाला १९० च्या वरच पडत होते. पण आधी एका ठोक्याला १०४ मिलिलिटर रक्त बाहेर फेकलं जायचं, ते आता ७४ वर आलं होतं. विहिरीवरचे बैल तेवढ्याच फेऱ्या मारतायत, मोट मात्र भरून येत नाही.

मग आठ आठवडे या मुलांना दामटून पळवलं. सरासरी चढली ३.९ वर. त्यातही बैठ्या सवयीचे तिघे साधारण दोन आठवड्यांत मूळ जागी आले. कसलेल्या दोघांना महिना किंवा त्याहून जास्त लागला. उंचावर असलेला घसरतोही लांब, आणि चढायलाही त्याला तेवढंच लागतं.

१९६८ मध्ये हे सगळं ‘सर्क्युलेशन’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या पुरवणीत छापून आलं. हृदयरुग्णाला लवकर उठवून बसवावं, चालवावं, या विचाराला त्यातून मोठं बळ मिळालं.

(दृश्य: तोच पट्टा, तीस वर्षांनंतर.)

१९९६. त्याच पाच जणांना पुन्हा बोलावलं, आणि पाचही आले. शास्त्रात असं नशीब क्वचित लाभतं. आता ते पन्नाशीचे. सरासरी वजन ७७ किलोवरून १०० वर. अंगातली चरबी दुप्पट, १४ टक्क्यांची २८. दमसास मोजला: २.९.

पुन्हा बघा. तीस वर्षं, संसार, नोकऱ्या, सुटलेली पोटं, हे सगळं मिळून जेवढं गेलं, त्याच्या दुपटीहून जास्त विसाव्या वर्षी तीन आठवड्यांत गेलं होतं.

या वेळी त्यांना हळूहळू वाढवत नेलं. चालणं, सायकल, जमेल तसं धावणं. सहा महिन्यांत ते विसाव्या वर्षीच्या पहिल्या आकड्याला पोचले. मात्र १९६६ मध्ये त्या आठ आठवड्यांच्या पळण्याने गाठलेला आपापला आकडा पुन्हा कुणालाच दिसला नाही. आणि हृदयाची मोट काही मोठी झाली नव्हती. फरक पडला तो स्नायूंमध्ये. आलेल्या रक्तातला ऑक्सिजन ते आता जास्त काढून घेत होते.

बातम्या बहुतेक वेळा इथेच आटोपतात. पण माणसं पाचच, सगळे पुरुष. एवढ्यावर साऱ्या जगाचा हिशेब मांडता येत नाही. आणि गोष्ट अजून थोडी उरली आहे.

चाळीस वर्षांनी, साठीत, त्यांना परत तपासलं. या वेळची घसरण मोठी होती. विसाव्या वर्षीच्या मानाने दमसास २७ टक्क्यांनी उतरला होता. पलंगावर उतरला होता, जवळजवळ तेवढाच.

(दृश्य: पट्ट्याचा वेग कमी होत जातो. श्वासाचा आवाज.)