वाचायला शिकवलेली माणसं

मित्रहो, अमेरिकी साहित्य म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना व्हिटमन आणि मार्क ट्वेन आठवतात. आज मला त्यांच्याही दोन शतकं मागे, मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर जायचं आहे.

१६३० साली इंग्लंडहून वसाहत करायला निघालेल्या लोकांचं आर्बेला जहाज तिथं पोचलं, तेव्हा ती भूमी मुकी नव्हती. तिथल्या मूळ रहिवाशांच्या कथा आणि गाणी पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत चालत आली होती. नॅरागॅन्सेट लोकांची भाषा शिकून रॉजर विल्यम्स या इंग्रज धर्मोपदेशकानं १६४३ मध्ये तिच्यावर पुस्तकही लिहिलं. त्या मौखिक परंपरेवर स्वतंत्रपणे बोलायला हवं. आज मी इंग्रजीतल्या लिखित परंपरेपुरतंच बोलतो.

जहाजातून उतरलेले लोक प्युरिटन, म्हणजे इंग्लंडचं चर्च शुद्ध करू पाहणारे कडवे प्रोटेस्टंट ख्रिस्ती होते. बायबल ज्यानं त्यानं स्वतः वाचलं पाहिजे, ही त्यांची श्रद्धा. आपला उद्धार होणार की नाही हे देवानं आधीच ठरवलेलं आहे, पण त्याच्या खुणा मात्र आपल्याच मनात शोधत राहायच्या, ही दुसरी. पहिल्या श्रद्धेतून शाळा आणि छापखाना आला, दुसरीतून रोजनिश्या आणि कठोर आत्मपरीक्षण. १६३६ मध्ये हार्वर्डची स्थापना झाली. १६४७ च्या कायद्यानं पन्नास घरांच्या प्रत्येक गावाला लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमणं भाग पाडलं. कारणही कायद्यातच लिहिलं होतं: सैतानाला माणसं धर्मग्रंथाविषयी अडाणी राहायला हवी असतात. १६४० साली मॅसॅच्युसेट्समधल्याच केंब्रिजला छापलेल्या स्तोत्रांच्या पुस्तकाची प्रस्तावना सांगते की देवाच्या वेदीला आमच्या झिलईची गरज नाही. त्या पद्यात वाचक जागोजागी अडखळतो, पण साध्या भाषेचा हा आग्रह फार दूरवर पोचला.

प्रत्येकानं वाचावं, पण अर्थ मात्र आम्ही सांगू तोच खरा, असं तिथल्या सत्ताधाऱ्यांना वाटत होतं. अ‍ॅन हचिन्सन घरी स्त्रिया जमवून प्रवचनांची चर्चा करू लागली, स्वतःचा अर्थ सांगू लागली. १६३७ मध्ये तिच्यावर खटला चालला आणि तिला वसाहतीबाहेर काढलं. माझं म्हणणं असं आहे, की सुरुवातीचं अमेरिकी साहित्य याच ताणातून जन्मलं.

अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीटकडे पाहा. आर्बेलावरून आली तेव्हा ती अठरा वर्षांची असावी. पुढे आठ मुलांची आई झाली. वडील आणि नवरा दोघेही वसाहतीचे कारभारी. तिच्या मेहुण्यानं तिच्या कविता इंग्लंडला नेल्या आणि १६५० मध्ये लंडनला त्यांचं पुस्तक निघालं. माझ्या हाताला लेखणीपेक्षा सुईच शोभते असं म्हणणाऱ्या जिभा फार आहेत, हे ती त्यात स्पष्टपणे लिहिते. पण मला तिची जी कविता सर्वांत मोठी वाटते, ती १६६६ च्या जुलैमध्ये घर जळल्यानंतरची. देणाराही तोच, नेणाराही तोच, असं म्हणून ती देवाचे आभार मानते. आणि मग राखेजवळून जाताना तिची नजर हटत नाही. इथं ती पेटी होती, तिथं तो संदूक. या छपराखाली आता पाहुणा बसणार नाही, गोष्टी रंगणार नाहीत. मग ती स्वतःला दटावते, खरं घर स्वर्गात आहे म्हणते. पण पेटीची ओळ तिनं खोडलेली नाही! ज्या आत्मपरीक्षणानं तिला संसाराचा मोह सोडायला शिकवलं, त्याच आत्मपरीक्षणानं तिला तो मोह प्रामाणिकपणे लिहायलाही लावलं.

मुद्रक, लेखक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिननं पुढे हीच सवय चर्चबाहेर आणली. तेरा सद्गुणांचा तक्ता आखून तो रोज रात्री आपल्या चुकांवर काळे ठिपके मांडायचा. देवाच्या कृपेची जागा इथं माणसाच्या प्रयत्नानं घेतली होती.

फिलिस व्हीटलीला १७६१ मध्ये गुलाम म्हणून बोस्टनला आणून विकलं, तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. मालकाच्या घरात ती बायबल वाचायला शिकली, लॅटिन शिकली. १७७३ मध्ये तिचा कवितासंग्रह लंडनला छापला गेला, तेव्हा या कविता खरोखर तिच्याच आहेत याची ग्वाही बोस्टनच्या अठरा प्रतिष्ठित पुरुषांना सही करून द्यावी लागली. तो कागद वाचताना आजही संताप येतो. पुढच्याच वर्षी एका पत्रात तिनं लिहिलं, की देवानं प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात स्वातंत्र्याची ओढ रुजवली आहे आणि तिला जुलूम सहन होत नाही. मालकांच्याच धर्मग्रंथातून तिनं मालकांविरुद्धचा पुरावा काढला.

१७७६ च्या जानेवारीत टॉमस पेननं, अमेरिकेनं इंग्लंडच्या राजापासून स्वतंत्र व्हावं असं सांगणाऱ्या 'कॉमन सेन्स' या पुस्तिकेत तेच केलं. राजा मागणं हेच देवाला नापसंत होतं, हे त्यानं बायबलमधूनच दाखवलं, आणि तेही कारागिराला, शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत. याच पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त अवतारकथांचा अर्थ स्वतः लावला, आणि ते पुस्तक अमेरिकेत गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं.