चौथीच्या वर्गाची भाकरी

(दृश्य : काळं रान, वाकलेली कणसं, ओळीनं शाळू उपटणाऱ्या बाया)

फेब्रुवारी महिना. मंगळवेढ्याच्या रानात शाळू काढणीला आलाय. ही ज्वारी विळ्यानं कापत नाहीत. ताट बुडाशी धरायचं, हिसका द्यायचा आणि मुळासकट उपटायचं. कडब्याची वीतभरही नासाडी नको. दाण्यावर माणूस जगतो, कडब्यावर जनावर.

सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी झाली की या पिकाच्या वाट्याला पाऊस जवळपास येतच नाही. खोल काळी माती परतीच्या पावसाची ओल पोटात धरून ठेवते. त्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या गारव्यावर मालदांडी, म्हणजे या ज्वारीचं इथलं वाण, उभी राहते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण या गावाला ज्वारीचं कोठार म्हणायला कुणी त्या कागदाची वाट बघितली नव्हती. दुष्काळात बादशहाची कोठारं रयतेला उघडी करणाऱ्या दामाजीपंतांची गोष्ट इथल्या पोरांना शाळेचं तोंड बघायच्या आधीच पाठ असते.

भाकरी मात्र पाठ नसते. ती आईनं थापायची आणि पोरांनी खायची, हे घरोघरी ठरलेलं.

(दृश्य : शाळेचा व्हरांडा, मधोमध जातं, भोवती मुलं)

तालुक्यातली जिल्हा परिषदेची एक शाळा. चौथीचा वर्ग. दप्तरं आत, पोरं बाहेर. मधे हे जातं. शेजारच्या अंगणात पडून होतं, त्याच्यावर तुळशीची कुंडी ठेवलेली. बाई मागायला गेल्या तर घरातल्यांना हसू आवरेना. घासून गुळगुळीत झालेलं, त्यामुळं आधी टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं दगड खरबरीत करून घ्यावा लागला. मग कुठं दाणा भरडायला लागलं.

दोघं समोरासमोर, खुंट्यावर चार हात. तिसऱ्यानं मूठमूठ वैरायचं. पहिल्या जोडीला वाटलं, जितकं जोरात फिरवू तितकं पीठ जास्त. दाणे न भरडताच बाहेर उडाले. दळण शिकवायला आलेल्या आज्जी एवढंच म्हणाल्या, “आरं, जातं पळवायचं नसतंय. फिरवायचं असतंय.”

(निवेदन थांबतं. फक्त जात्याची घरघर.)

पाळीखालून पहिलं पीठ पडलं, तेव्हा आज्जींनी एकेकाला हात लावायला सांगितला. पीठ कोमट होतं. गिरणीतून पिशवीत येणारं पीठ या पोरांनी रोज बघितलंय, पण जात्याखालून पडताना त्याला हात लावायची ही पहिलीच वेळ.

ताज्या पिठाला विरी असते. विरी म्हणजे पिठाची धरून ठेवायची ताकद. पीठ जुनं झालं की विरी जाते. मग भाकरी थापताना कडा फाटतात, उचलताना तुकडा पडतो. जुन्या बाया रोजच्यापुरतंच दळायच्या, त्याचं एक कारण हेच. आज महिन्याचं पीठ एकदम दळून आणायचं आणि वर म्हणायचं, आम्हाला भाकरी जमत नाही. त्यात भाकरीचा काय दोष?

(दृश्य : तीन दगडांची चूल, तुराट्यांचा जाळ, पातेल्यात पाणी)

आता पाणी. इथंच बहुतेकांची भाकरी बिघडते. गव्हात ग्लुटेन असतं, म्हणून कणीक ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ते नाही. थंड पाण्यात मळलेलं ज्वारीचं पीठ वाळूसारखं सुटतं. म्हणून पिठात आळं करायचं आणि त्यात कढतं पाणी ओतायचं. त्या उष्णतेनं पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो, गोळा धरतो. पाठ्यपुस्तकात हा धडा विज्ञानाचा झाला असता. आज्जींनी एका वाक्यात उरकला : “पाण्याला आधण आल्याबिगर पिठाला हात लावायचा न्हाई.”

कढतं पाणी ओतलं आज्जींनी आणि बाईंनी. आधी उलथन्यानं कालवलं, चटका बसेनासा झाल्यावर परात पोरांपुढं सरकवली. मग तळहाताच्या बुडानं रगडणं. लागेल तसं पाणी. गोळा लोण्यासारखा मऊ होईस्तोवर.

(दृश्य : परातीवर छोटे हात, जवळून)

परातीत कोरडं पीठ भुरभुरायचं, गोळा ठेवायचा आणि तळव्यानं थापायचं. एक थाप, की भाकरी जराशी फिरली पाहिजे. दुसरी थाप, आणखी जराशी. पोरं बोटं वापरतात. बोटं रुतली की खळगे पडतात.

पोरींना हे थोडंफार बघून माहीत होतं. पोरं सुरुवातीला भिंतीला टेकून उभी होती, हात खिशात. बाईंनी यादी केली नाही, सक्तीही केली नाही. फक्त म्हणाल्या, ज्यानं थापली त्यानं खायची. दहा मिनिटांत परातीपुढं रांग लागली, आणि रांगेत पोरंच जास्त.

(निवेदन थांबतं. थापण्याचा आवाज.)

भाकरी दोन्ही हातांवर उचलायची आणि तव्यावर टाकायची, पिठाची बाजू वर ठेवून. लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकलं की उलटायची. दुसरी बाजू भाजली की सरळ जाळावर. हे शेवटचं काम आज्जींनी स्वतःकडं ठेवलं. पोरांनी चुलीपासून दोन हात लांब बसायचं.

(दृश्य : जाळावर भाकरी टम्म फुगते, पोरं ओरडतात)

हिच्याबद्दल आम्ही काही बोलत नाही. बघा.

ही दुसरी. हिला कोकणची किनारपट्टी आहे. ही तिसरी तव्यावर पडतानाच दुमडली. आणि ही, जिला वेगळा पापुद्रा सुटलाय, ती ज्या पोरानं थापली तो आजपर्यंत वर्गात डबा झाकून खायचा. डब्यात भाकरी असायची म्हणून.

सोबत शेंगाची चटणी. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट. उखळात घालून कुटायचं, शेंगदाण्याचं तेल सुटून चटणीचा गोळा व्हायला लागेपर्यंत. पिठलंही झालं होतं, कांदा परतून, डाळीच्या पिठाचं. पण नेमकी तेव्हाच कॅमेऱ्याची बॅटरी संपली, त्यामुळं पिठलं फक्त आम्ही खाल्लं, तुम्हाला दाखवता येत नाही.

(दृश्य : शाळेमागचं रान, बांधापलीकडं ऊस)

ज्वारीच्या रानात ऊस शिरलाय, डब्यात बिस्किटं शिरलीत, आणि शाळेत शिजतो तो पोषण आहार मुख्यतः तांदळाचा.

(दृश्य : व्हरांड्यात पंगत)

भाकरी मोडायची ती हातानं. मधला मऊ भाग आधी संपतो, कडा मागं राहतात. कडा टाकायला निघालेल्या एकाला शेजारच्या मुलीनं डोळे वटारले. त्यानं त्या चटणीत बुडवून खाल्ल्या. खिचडी शिजवणाऱ्या मावशी आज पंगतीत बसल्यात आणि पोरं त्यांना वाढताहेत. आणखी एक घ्या म्हणून आग्रह चाललाय. मावशी घेतात. तिसरी घेताना मात्र आधी उलटून बघतात, करपली तर नाही ना.

(ध्वनी : शाळेची घंटा)

मधली सुट्टी संपली. बाई फळ्यावर भागाकार मांडतात. हात धुवायला सांगितलं होतं, पण वह्यांच्या पानांवर पिठाचे पंजे उमटलेत.