संमतीपत्रावर सही नसेल तर

श्रोतेहो, नमस्कार.

समजा, पुण्यातल्या एखाद्या रुग्णालयात पंधरा वर्षांची मुलगी दाखल झाली आहे. आतड्यातून रक्त जातंय, हिमोग्लोबिन पाचवर आलंय. रक्त चढवायला हवं, असं डॉक्टर सांगतात. मुलगी म्हणते, ‘आमच्या धर्मात चालत नाही.’ आईवडीलही सही करायला तयार नाहीत. अशा वेळी शेवटचा शब्द कुणाचा?

आधी नकार नेमका कशाला आहे, ते विचारून घ्यावं. रक्त नाकारणारे बहुधा यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे असतात. ते रक्त, तांबड्या-पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) घेत नाहीत. अल्ब्युमिन किंवा इम्युनोग्लोब्युलिन ही प्लाझ्मातून वेगळी काढलेली प्रथिनं घ्यायची की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. शिरेतून लोह द्यायला सहसा हरकत नसते. एवढं विचारलं तरी बरेच वाद खाटेपाशीच मिटतात. पण लोहाचा परिणाम दिसायला दिवस लागतात आणि वाहतं रक्त तोवर थांबत नाही. तेव्हा पर्याय आहे म्हणून वाट बघत बसणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

आता कायदा. सज्ञान माणसाला उपचार नाकारता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018च्या ‘कॉमन कॉज’ निकालानंतर त्यात शंका उरलेली नाही. अठराच्या आत मात्र चित्र धूसर आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 27नुसार बारा वर्षांखालच्या मुलासाठी पालक संमती देतात. बारा ते अठरामधल्या मुलानं नकार दिला तर काय, याचं सरळ उत्तर कुठल्याच कलमात नाही. कलम 30च्या खाली एक उदाहरण दिलंय: अपघातात सापडलेलं मूल ‘नको, नको’ म्हणत असताना सर्जन शस्त्रक्रिया करतो, पालकांना विचारायला वेळच नसतो, तो गुन्हेगार ठरत नाही. पण इथे पालक समोर उभे राहून नाही म्हणताहेत! त्यांना डावलायला या कलमाचा आधार डळमळीत आहे. म्हणून मग ‘डामा’वर, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून घरी नेत असल्याच्या कागदावर, सही घेऊन मुलाला घरी पाठवलं जातं. आमच्या मते ही पळवाट आहे.

खरी वाट बाल कल्याण समितीची, म्हणजे अडचणीतल्या मुलांसाठी कायद्यानं नेमलेल्या समितीची. 2015च्या बाल न्याय कायद्यात पालकांकडून दुर्लक्षित मूल हे ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ ठरू शकतं. समितीकडे जायला पोलिसच लागतात असं नाही, डॉक्टर किंवा रुग्णालयही जाऊ शकतं. मूल आयसीयूत असेल तर लेखी कळवून सदस्यांनाच रुग्णालयात यायची विनंती करावी. त्याच वेळी मुंबईत वकील गाठावा, कारण पुण्यात उच्च न्यायालयाचं खंडपीठ नाही आणि 2025मध्ये कोल्हापूरला सुरू झालेल्या सर्किट बेंचकडे पुणे जिल्हा येत नाही. अनाथ-असहायांचं पालकत्व न्यायालयाकडे असतं, या तत्त्वावर उच्च न्यायालय घटनेच्या कलम 226खाली आदेश देऊ शकतं.

अर्ज बहुतेक वेळा कागदापायी रखडतो. ‘प्रकृती गंभीर’ एवढ्यावर न्यायाधीश काय ठरवणार? वजन, तासातासाचं हिमोग्लोबिन, हाताशी किती वेळ आहे, कोणते पर्याय करून झाले, दुसऱ्या डॉक्टरांचं मत, आणि मुलीचं म्हणणं तिच्याच शब्दांत, एवढं हवंच. तिच्याशी आईवडील आणि त्यांच्या धर्ममंडळीतले वडीलधारे बाजूला ठेवून एकांतात बोलावं. कुणी पढवलंय की तिनं विचार केलाय, ते तेव्हाच कळतं.

कॅनडात असंच झालं. मॅनिटोबात चौदा वर्षं दहा महिन्यांच्या मुलीला समजूत आहे, असं मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं, तरी रक्त देण्याचा आदेश झाला. 2009मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. मात्र मूल जितकं समजूतदार, तितकं त्याच्या मताला वजन, असंही बजावलं. इंग्लंडमध्ये रक्ताच्या कर्करोगानं आजारी असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला न्यायालयानं रक्त द्यायला लावलं. अठरा झाल्यावर त्यानं पुन्हा नकार दिला आणि तो गेला. निकाल चुकला होता का? आम्हाला तसं वाटत नाही. सज्ञान होऊन स्वतः ठरवण्याइतका काळ त्याला मिळाला.

श्रद्धेपायी उपचार अडतात ते रक्तापुरतेच नाहीत. सर्पदंशात तर वादालाही वेळ नसतो. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार अडवून मंत्रतंत्र करणाऱ्याला महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. आणि ‘लेकरू लहान आहे, सापाच्या विषावरची लस (प्रतिविष) कमी द्या’ असा आग्रह धरू नका. विष तेवढंच शिरलेलं असतं, त्यामुळे मुलाला डोस मोठ्यांइतकाच लागतो.

पुन्हा रक्ताकडे वळू. न्यायालयाचा आदेश हातात आला की रुग्णालयं आणखी एक घोळ घालतात: पालकांना वॉर्डाबाहेर काढतात. रक्त देण्यापुरता आदेश असेल तर ताबा आईवडिलांचाच राहतो, आईला उशाशी बसू द्यावं. रक्त किती आणि कधीपर्यंत द्यायचं, हे आदेशातच लिहून घ्यावं, म्हणजे दुसऱ्या पिशवीच्या वेळी पुन्हा तोच वाद नको. मदतीसाठी चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे 1098.