नेट गेलं का?

(राजारामपुरीत श्रोत्यांच्या एका छोट्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पंखा सध्या चालू राहू दे. शेवटी बंद करायचाच आहे, तेव्हा सांगतो.

मी गाण्यातला माणूस नव्हे. शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचो. ध्वनीचा धडा आला की पेटी घेऊन वर्गात जायचो, एवढाच संगीताशी माझा अधिकृत संबंध. बाकी नुसता ऐकणारा. म्हणून आज बोलणार आहे तेही ऐकणाऱ्यांबद्दलच.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या माडीवर आम्ही आठ जण जमलो होतो. लंडनहून रेडिओवर एका मैफलीचं थेट प्रक्षेपण होतं. उन्हाळ्याच्या दिवसांत तिथं संध्याकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडं बरोबर रात्रीचे बारा. बाहेर जुलैतला कोल्हापूरचा पाऊस, डोक्यावर पत्रा. आठातला एक जण दर दहा मिनिटांनी मोबाइलवर राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी बघत होता. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे आकडे आपल्याकडच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. अशा रात्री युरोपातलं आधुनिक अभिजात संगीत ऐकायला बसणं हा जरा आगाऊपणाच होता, कबूल. पण भडंग होता, चहा होता आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता.

पहिलीच रचना लिगेती नावाच्या संगीतकाराची, ‘अ‍ॅत्मोस्फेर’. म्हणजे वातावरण. साधारण नऊ मिनिटांची. तिच्यात धून नाही, ठेका नाही. सुरुवातीला वाद्यवृंदातले बहुतेक जण एकदम, पण अगदी हळू, एकच स्वरपुंज धरतात. ही पेटी मुद्दाम आणलीय. बघा, मी एक हात कोपरापर्यंत पट्ट्यांवर आडवा ठेवतो, काळ्या-पांढऱ्या जमतील तेवढ्या एकदम दाबतो आणि दुसऱ्या हातानं भाता हलकेच मारतो. (पेटीचा आवाज.) हसू नका. आपल्या पेटीत साडेतीन सप्तकं असतात. लिगेतींनी पाच सप्तकांहून जास्त जागा अशी गच्च भरलीय. 56 तंतुवादक आहेत आणि प्रत्येकाच्या पुढ्यात स्वतःची वेगळी ओळ. मग त्या गर्दीतून एकेक जण हळूच उठून जातो. आपल्याला जाणवतं एवढंच, की रंग बदलला. कोण उठलं ते कळत नाही.

मी वही घेऊन बसलो होतो. आमचे तबलजी मित्र पहिली दोनेक मिनिटं मांडीवर बोटं मारत सम शोधत होते. मी त्यांच्या हाताकडंच बघत होतो. बोटं आधी मंदावली, मग तळवा नुसता पालथा पडून राहिला. कानात म्हणाले, “सर, ह्यात तालवाद्य एक पण नाही का?” नाही, खरंच नाही. एवढ्या मोठ्या वाद्यवृंदात एक ढोलसुद्धा नाही. हे त्यांनी दोन मिनिटांत ओळखलं आणि तरी वरून म्हणाले, “मला काय ह्यातलं कळत नाही.”

शेजारच्या काकी म्हणाल्या, “मी तर घाबरलो की रे. अमावास्येला चालू करतात होय हे?” आणि थोड्या वेळानं, “ह्याचे पैसे देतात त्यांना?” इंजिनिअरिंगला असलेली भाची म्हणाली, भयपटाचं पार्श्वसंगीत आहे. बंधाऱ्यावाला म्हणाला, 37 फूट.

आणि एक जण काहीच बोलला नाही. शिवाजी उद्यमनगरात त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. चाळीस वर्षं तो मोटरी ऐकतोय. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरीवर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि बेअरिंग कुठल्या बाजूचं गेलंय ते सांगायचं, हा त्याचा रोजचा उद्योग. रचना संपल्यावर तो म्हणाला, “गाणं न्हाई म्हणताय व्हय? नसू दे. पण एवढ्या मोटरी एकाच वेळी चालू हाईत आणि एक पण खडखडत न्हाई. मधी वजन बदललं तीन वेळा.”

वजन बदललं! मी तो शब्द वहीत दोनदा लिहिला.

आता इथं माझी स्वतःची चूक सांगतो. रचना संपल्या संपल्या मी सगळ्यांना विचारलं होतं, “कसं वाटलं? आवडलं का?” हा प्रश्न विचारला की माणूस लगेच न्यायाधीश होतो, नाहीतर आरोपी. काकी न्यायाधीश झाल्या, तबलजी आरोपी. “मला कळत नाही” हे त्यांनी जणू गुन्हा कबूल केल्यासारखं म्हटलं. मोटरवाल्यानं तो प्रश्न मनावर घेतलाच नव्हता, म्हणून तो ऐकलेलं सांगू शकला. तेव्हापासून मी ‘आवडलं का’ विचारायचं सोडलं. ‘काय ऐकू आलं?’ एवढंच विचारतो.

आणि ऐकू येणं ही सोपी गोष्ट नाही. ह्या रचनेत एक जागा आहे. चार पिकोलो, म्हणजे वीत-दीड वीत लांबीच्या बासऱ्या, वर वर चढत जातात, कानात सुई जावी इतक्या वर. आणि तिथून एकदम, मधली पायरी न घेता, सगळं कोसळतं ते आठ डबल बेस ह्या भल्यामोठ्या तंतुवाद्यांच्या खर्जात. पाय सुटावा तसं. त्या रात्री आमच्याकडं होता ब्लूटूथचा, मुठीएवढा स्पीकर. त्याला तो खर्ज पेलणार कुठून? आम्हाला ऐकू आल्या फक्त बासऱ्या आणि त्यानंतर पत्र्यावरचा पाऊस. काकींचे कान दुखले हे खरंच आहे, कारण त्यांच्यापर्यंत निम्मीच रचना पोचली आणि ती नेमकी दुखणारी निम्मी.

पुढच्या रविवारी मोटरवाल्यानं पुतण्याच्या डॉल्बीतला एक बॉक्स रिक्षातून आणला. आपल्या गावात डॉल्बी म्हणजे काय ते सांगायला नको. मिरवणुकीत छाती हलवणारा तो बॉक्स लिगेतींसाठी आमच्या माडीवर चढला. ध्वनिमुद्रण लावलं. ती जागा आली आणि खालच्या सतरंजीतून काहीतरी पायाला लागलं. काकी म्हणाल्या, “आत्ता बरं वाटलं. त्या दिवशी नुसतं टांगून ठेवलेलं.” माणूस तोच, रचना तीच, मधे फक्त बॉक्स. श्रोत्यांना नवं संगीत झेपत नाही म्हणून रडणाऱ्यांनी आधी श्रोत्यांच्या घरातला स्पीकर बघून यावा, असं माझं मास्तरी मत आहे.

समोरच्या मैफलीत ऐकणारा असा एकटा पडत नाही. तिथं शेजारी एक जाणता बसलेला असतो, तो कानात रागाचं नाव सांगतो. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते, त्यांची गायकी काय सोपी होती? अनवट राग, पेचदार तान, कुठून उचलली नि कुठं टाकली कळू नये. पण ती ऐकायला माणसं समोर बसली होती. कुणाची तरी मान हलली की शंभर माना हलत. नवख्याला कळायचं, इथं काहीतरी घडलं. अशानं ह्या गावाचा कान तयार झाला. रेडिओपुढं माणूस एकटा. मान हलवून दाखवणार कुणाला? म्हणून त्याची प्रतिक्रिया दुसरीकडून बाहेर पडते: फोन करून, पत्र लिहून, नाहीतर बटण फिरवून.

फोनचं उदाहरण 1995 मधलं आहे. लंडनच्या प्रॉम्स महोत्सवाची शेवटची रात्र, जिथं लोक झेंडे घेऊन देशभक्तीची गाणी म्हणायला येतात. बीबीसीनं त्या रात्री हॅरिसन बर्टविसल ह्यांची ‘पॅनिक’ ही नवी कोरी रचना लावली. सॅक्सोफोन, ड्रम आणि वाद्यवृंद, सगळे जणू एकमेकांवर धावून जातायत. घरोघरी टीव्ही लावून बसलेली मंडळी भडकली आणि बीबीसीवर तक्रारींच्या फोनचा पाऊस पडला. लोक ह्याला आधुनिक संगीताचा पराभव म्हणतात. मला तसं वाटत नाही. फोन करणाऱ्यानं निदान ऐकलं तरी.

आपली तऱ्हा बटणाची. 1952 साली केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली. लोकांना शास्त्रीय संगीताची गोडी लावायची हा हेतू चांगला होता. लोकांनी काय केलं? मोर्चा काढला नाही, पत्रं लिहीत बसले नाहीत. सुई फिरवली आणि सिनेमाची गाणी लावणारा रेडिओ सिलोन लावला. शेवटी 1957 च्या ऑक्टोबरात विविध भारती आणावी लागली. गंमत बघा, ही जी पेटी मी मघाशी कोपरानं वाजवली, तिच्यावर 1940 पासून तीस वर्षं आकाशवाणीत बंदी होती. पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या मुलखात बसून हे सांगताना मला आजही चमत्कारिक वाटतं.

तज्ज्ञांचं काय, असं विचाराल. 1961 च्या जूनमध्ये बीबीसीनं प्योत्र झाक नावाच्या तरुण पोलिश संगीतकाराची टेप आणि तालवाद्यांची रचना प्रसारित केली. असा संगीतकारच नव्हता. बीबीसीतले हान्स केलर आणि पियानोवादक सुझन ब्रॅडशॉ ह्या जाणकार जोडीनं स्टुडिओत हाताला येईल ते बडवून ती बनवली होती. वर्तमानपत्रांत समीक्षा आली, गंभीरपणे आली. पुढं भांडं फुटलं तेव्हा सगळे समीक्षकांना हसले. पण त्या समीक्षा वाईटच होत्या, हे कुणी सांगत नाही! त्यांनी रचनेला नावंच ठेवली होती. संगीतकार खोटा आहे हे ओळखलं नाही, संगीत टाकाऊ आहे हे ओळखलं. माझ्या मते पास.

त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीतल्या डोनाउएशिंगेनला ‘अ‍ॅत्मोस्फेर’ पहिल्यांदा वाजली, तीही एका रेडिओ केंद्राच्याच वाद्यवृंदानं. आणि श्रोत्यांनी वन्स मोअर घेतला. धून नसलेल्या, ठेका नसलेल्या रचनेला वन्स मोअर! आपल्याकडं तो नाट्यपदाला मिळायचा.

ह्या लिगेतींची स्वतःची एक प्रतिक्रिया आहे, ती सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. ते हंगेरीचे. परदेशी रेडिओ लोकांच्या कानावर पडू नये म्हणून तिथलं सरकार त्यावर खरखर सोडत असे. 1956 च्या नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले होते. गोळे पडत होते, बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं तळघरात. त्या रात्री जर्मनीतल्या कोलोनच्या रेडिओवर स्टॉकहाउझेन ह्या संगीतकाराची नवी इलेक्ट्रॉनिक रचना लागणार होती. तळघरात रेडिओ नीट ऐकू येईना, म्हणून हा गृहस्थ वर घरात गेला. बाहेर स्फोट चाललेत आणि हा सेटला कान लावून बसलाय. पुढच्याच महिन्यात त्यांनी देश सोडला, पुढच्या वर्षी कोलोन गाठलं. मी आमच्या माडीवरच्या पावसाची तक्रार करत होतो ती हे कळल्या दिवसापासून बंद केली.

“पण हे सगळं परकंच की हो,” असं परवा एकानं मला तोंडावर सांगितलं. त्याला मी आकाशवाणीची ओळखधून म्हणायला लावली. सकाळी सांगली केंद्र लागायच्या आधी तंबोऱ्याच्या गुंजनावर व्हायोलिन यायचं, ती. तुम्हीही मनात म्हणून बघा. बहुतेकांच्या डोळ्यापुढं आता चूल, बंब, पाटी-दप्तर आलं असेल. ती धून बांधली वॉल्टर कॉफमन ह्यांनी. बोहेमियातले ज्यू संगीतकार, 1934 साली मुंबईला आले, मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. त्या काळचा नवा युरोपियन संगीतकार आपण रोज सकाळी दात घासताना ऐकत होतो. आवडला का, असं कुणी विचारलं नाही म्हणून तो आपला झाला.

आता त्या रात्रीच्या शेवटाकडं येतो. ‘अ‍ॅत्मोस्फेर’च्या अखेरीला पियानोच्या आत, उघड्या तारांवरून ब्रश फिरवतात. जुन्या वाड्याच्या अंगणात रात्री कुणी झाडू मारावा तसा आवाज, विरत जाणारा. आणि मग शांतता. ती संपल्यानंतरची शांतता नव्हे, लिगेतींनी कागदावर लिहिलेली, मोजलेली शांतता. आमच्याकडं तिच्यातली तीन-चार सेकंदं झाली असतील, बंधाऱ्यावाल्यानं मोबाइल उचलला आणि मोठ्यांदा विचारलं, “नेट गेलं का?”

सगळे हसले, मीही हसलो. पण तो एकटाच असा नाही. 2004 साली बीबीसीनं जॉन केजची ती प्रसिद्ध ‘4 मिनिटं 33 सेकंद’ प्रसारित केली, जिच्यात वादक काहीच वाजवत नाहीत. रेडिओवर फार वेळ आवाज आला नाही की केंद्रात बिघाड झालाय असं समजून आपोआप दुसरा कार्यक्रम सुरू करणारी यंत्रणा असते. ती त्या वेळेपुरती बंद ठेवावी लागली. म्हणजे तिथल्या यंत्रालाही हेच वाटलं असतं, नेट गेलं.

चला, साडेसात होत आले. पंखा बंद करा आता. दाराजवळच्या ट्यूबलाइटचा चोक गुणगुणतोय, तीही घालवा. चहावाल्या मामांना सांगितलंय, कप नंतर आणा. बॉक्स तोच आहे, पुतण्याचा, फक्त आवाज बेतानं लावलाय. मागच्या बाकावरचे पुढं आलात तर खर्ज जास्त लागेल. सतरंजीवर बसलात तर उत्तम.

शेवटी काही ऐकू येईनासं झालं, तर कुणी मोबाइल उचलू नका.