मैदान कधी सोडायचं, ते मी ठरवणार

(एका जाहीर व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. जिम ब्राउन हे नाव आधी ऐकलेल्यांनी जरा हात वर करा. थोडेच आहेत. त्यांतल्याही बहुतेकांनी त्याला ‘द डर्टी डझन’ या युद्धपटात पाहिलेलं असणार, मैदानावर नाही. हरकत नाही. पण मैदानापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण पुढचं सगळं तिथून निघालंय.

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. लांबुळका चेंडू हातात धरून पुढं पळायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलात तर चेंडू तुमच्या संघाकडे राहतो. समोरचे अकरा जण तुम्हाला आडवं करायला टपलेले. चढाईला गेलेल्या कबड्डीपटूच्या कमरेला, घोट्याला तिघं-चौघं लोंबकळतायत आणि तो तसाच मध्यरेषेकडे सरकतोय, हे चित्र डोळ्यापुढं आणा. ब्राउन हे काम एका सामन्यात सरासरी वीस वेळा करायचा. 1957 ते 1965 अशी नऊ वर्षं तो क्लीव्हलँड ब्राउन्सकडून खेळला. (संघाचं नाव त्याच्यावरून नाही, पॉल ब्राउन या प्रशिक्षकावरून आहे.) 118 सामने, आणि त्यांतला एकही दुखापतीमुळे चुकवला नाही. नऊपैकी आठ हंगामांत चेंडू घेऊन सर्वाधिक धावणारा तोच. एकूण 12,312 यार्ड. मी हिशोब केला, सव्वाअकरा किलोमीटर भरतात! चालत गेलं तर दोन-अडीच तासांचं अंतर. पण प्रत्येक पावलाला कुणीतरी अंगावर येतंय. सामन्यामागे 104.3 यार्ड ही त्याची सरासरी आजतागायत कुणाला मोडता आलेली नाही.

त्याची एक सवय मला फार आवडते. पाडलं गेल्यावर तो अगदी सावकाश उठायचा. कण्हल्यासारखा, अंग मोडल्यासारखा, दर वेळी तितक्याच संथपणे. खरंच लागलंय की नाही, हे समोरच्याला कधीच कळू द्यायचं नाही. आपल्या दुखण्याची बातमी आपल्या परवानगीशिवाय बाहेर जाता कामा नये, असा त्याचा खाक्या. हा स्वभाव आला कुठून?

1936 साली जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळच्या सेंट सायमन्स बेटावर तो जन्मला. वडील नाहीत म्हणावं असेच, आई कामासाठी उत्तरेला गेलेली, पोराला पणजीनं वाढवलं. आठव्या वर्षी तो आईकडे न्यूयॉर्कजवळच्या मॅनहॅसेटला आला. ती गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करायची. शाळेत तो पाच खेळ खेळला. सिरॅक्यूज विद्यापीठात गेला तेव्हा आपल्याला शिष्यवृत्ती मिळालीय असं त्याला वाटत होतं. तसं नव्हतं. केनेथ मॉलॉय नावाच्या गावातल्या गोऱ्या वकिलानं लोकांकडून वर्गणी गोळा करून त्याची पहिल्या वर्षाची फी भरली होती. ब्राउनला हे नंतर कळलं. उपकार करणारा माणूस चांगलाच होता, तरी विचार करा: आपल्याबद्दलचे निर्णय आपल्या पाठीमागे होतात, हे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कळणं कसं असेल? जाता जाता सांगतो, त्याच विद्यापीठात तो लॅक्रॉसही खेळायचा (जाळीच्या काठीनं चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ), आणि त्या खेळातले जुने जाणकार आजही सांगतात की फुटबॉल हा त्याचा दुसऱ्या क्रमांकाचा खेळ!

आता 1966 सालात येऊ. ब्राउन तीस वर्षांचा. दीड वर्षापूर्वी क्लीव्हलँडनं बाल्टिमोरला 27-0 असं हरवून अजिंक्यपद मिळवलेलं. 1965 च्या हंगामात तो एनएफएल या व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू. आणि हा गडी इंग्लंडमध्ये ‘द डर्टी डझन’चं चित्रीकरण करतोय. पावसानं चित्रीकरण लांबलं. तिकडे क्लीव्हलँडमध्ये सरावशिबिर सुरू व्हायची वेळ. संघाचे मालक आर्ट मॉडेल यांनी जाहीर तंबी दिली: वेळेवर या, नाहीतर दंड भरा. त्या काळी खेळाडूला संघ बदलायचं स्वातंत्र्य जवळपास नव्हतंच. मालक म्हणेल ती पूर्वदिशा. ब्राउननं पत्रकार बोलावले आणि चित्रपटातल्या लष्करी पोशाखातच जाहीर केलं की मी निवृत्त होतोय. संपलं. ना रडारड, ना निरोपाचा सामना.

लोक याला ‘शिखरावर असताना निवृत्ती’ म्हणतात. मला ते वर्णन अपुरं वाटतं. तो आणखी एक हंगाम खेळायच्या विचारात होता. त्याला खेळ सोडायचा नव्हता, हुकूम ऐकायचा नव्हता. ज्या आईनं आयुष्यभर ‘येस सर’ म्हटलं तिच्या मुलाला गोऱ्या मालकाची ती तंबी कशी ऐकू आली असेल, ते ध्यानात घ्या. काळ्या खेळाडूचं शरीर ही संघाची मालमत्ता, या समजुतीला त्यानं एका दुपारी खिळ लावली.

आणि गंमत बघा, हॉलीवूडनंही त्याच्याकडून धावच मागितली. ‘डर्टी डझन’च्या शेवटी रॉबर्ट जेफरसन हे त्याचं पात्र हातबॉम्ब टाकत मोकळ्या पटांगणातून जीव खाऊन पळतं आणि गोळी लागून पडतं. अभिनेता म्हणून तो थोर नव्हता, हे मी मोकळेपणानं सांगतो. चेहरा फारसा हलत नाही, संवाद एकाच पट्टीत. पण पडद्यावर तो नुसता उभा राहिला तरी नजर त्याच्यावर जाते, आणि तोवर काळ्या नटाला असं उभं राहू दिलं जात नव्हतं. नोकर, गायक, नाहीतर सिडनी पॉइटियरसारखा सभ्य, संयमी, गोऱ्यांना न दुखावणारा सद्गृहस्थ, एवढ्याच जागा होत्या. ब्राउन मारामारी करतो, जिंकतो, माफी मागत नाही. 1969 च्या ‘100 रायफल्स’मध्ये रॅकेल वेल्शबरोबर त्याचं प्रणयदृश्य होतं. काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला बंदी घालणारे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केले 1967 च्या जूनमध्ये. म्हणजे जेमतेम दोन वर्षं झालेली! त्यानंतरचे ‘स्लॉटर’ वगैरे चित्रपट नाही पाहिलेत तरी चालेल.

त्याच 1967 च्या जूनवर थोडं थांबूया. 28 एप्रिलला मुहम्मद अलीनं ह्यूस्टनमध्ये लष्करभरतीला नकार दिला होता. किताब काढून घेतला गेला, खेळायचा परवाना गेला, देशभरातून शिव्या. 4 जूनला ब्राउननं क्लीव्हलँडमध्ये, आपल्या संस्थेच्या कार्यालयात, काळ्या खेळाडूंना बोलावलं. बास्केटबॉलचा बिल रसेल आला. वीस वर्षांचा ल्यू अलसिंडॉर आला, जो पुढं करीम अब्दुल-जब्बार झाला. ब्राउनचे फुटबॉलमधले साथी आले. कार्ल स्टोक्स हे राजकारणी आले, जे त्याच वर्षी क्लीव्हलँडचे महापौर म्हणून निवडून येणार होते.

हे सगळे अलीच्या पाठीशी उभं राहायला जमले, असं आता सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. सैनिकांसमोर काही प्रदर्शनीय लढती खेळून यातून वाट काढता येईल, असा एक प्रस्ताव हवेत होता, आणि अलीचं मन वळवावं असं काहींना वाटत होतं. जमलेल्यांपैकी काही जण स्वतः लष्करात राहून आलेले. दार बंद करून त्यांनी अलीला तासन्‌तास खोदून खोदून विचारलं. तो ढिम्म हलला नाही. उलट तेच पटून बाहेर आले. मग पत्रकार परिषद झाली; पुढच्या रांगेत रसेल, अली, ब्राउन, अलसिंडॉर, मागे बाकीचे. तो फोटो तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. सोळा दिवसांनी अलीला पाच वर्षांची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली 1971 मध्ये.

ब्राउनची ती संस्था म्हणजे 1966 साली काढलेली ‘निग्रो इंडस्ट्रियल अँड इकॉनॉमिक युनियन’. काळ्यांनी स्वतःचे धंदे उभारावेत, त्यासाठी कर्ज मिळावं, हिशोब आणि व्यवस्थापन शिकावं, हा तिचा उद्देश. मोर्चे, धरणी यांवर त्याचा विश्वास नव्हता. आपल्याकडे काळ्यांची चळवळ म्हटलं की ब्लॅक पँथर आठवतात, कारण 1972 मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरनं त्यांच्यावरूनच नाव घेतलं. ब्राउन त्या वाटेचा नव्हता. तो म्हणायचा, पैसा हातात नसेल तर हक्क कागदावर राहतील. म्हणूनच 1968 मध्ये तो चक्क निक्सनच्या बाजूनं गेला, काळ्यांच्या भांडवलाची भाषा निक्सन बोलत होता म्हणून. अर्ध्या शतकानंतर, 2018 मध्ये, तो ट्रम्पच्या कार्यालयातही जाऊन बसला. कॉलिन केपरनिक या फुटबॉलपटूनं काळ्यांवरच्या अन्यायाचा निषेध म्हणून राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला तेव्हा ब्राउननं आधी त्याची बाजू समजून घेतली, पण वर्षभरानं म्हणाला की झेंड्याचा, राष्ट्रगीताचा अवमान होईल असं मी काही करणार नाही. अलीसाठी खोली भरवणाऱ्या माणसाकडून हे ऐकून अनेक जण चिडले. मीही चिडलो होतो. पण त्याला आपल्या बाजूचं समजणं हाच बहुधा घोटाळा आहे. तो कुणाच्याच बाजूचा नव्हता.

1988 मध्ये त्यानं ‘आमेर-आय-कॅन’ हा उपक्रम सुरू केला, तुरुंगातल्या आणि टोळ्यांमधल्या तरुणांसाठी. लॉस एंजेलिसमध्ये क्रिप्स आणि ब्लड्स या टोळ्या एकमेकांची माणसं मारत होत्या. हॉलीवूडच्या टेकडीवरच्या ब्राउनच्या घरात त्यांची पोरं समोरासमोर बसायची. 1992 च्या दंगलीच्या सुमारास वॉट्स भागात त्यांच्यात तह झाला, त्यामागच्या बैठकांपैकी काही याच घरात झाल्या. पोलिसांना, पुढाऱ्यांना न जुमानणारी पोरं त्याच्यापुढं गप्प बसत, कारण हा माणूस कुणापुढं वाकलेला नाही हे त्यांना ठाऊक होतं.

आता त्याच माणसाची दुसरी गोष्ट. ती शेवटी उरकून टाकावी अशी नाही. 1968 मध्ये त्याच्या घराच्या सज्जाखाली एक तरुण मॉडेल जखमी अवस्थेत सापडली. आपण घसरून पडलो असं तिनं सांगितलं आणि मुख्य आरोप मागे पडला. स्त्रियांवरच्या हिंसेचे आरोप त्याच्यावर त्याआधी झाले, नंतरही झाले. काही टिकले नाहीत, एकात तो निर्दोष सुटला. 1999 मध्ये पत्नीच्या गाडीच्या काचा फावड्यानं फोडल्याबद्दल मात्र तो दोषी ठरला. न्यायालयानं समुपदेशन आणि समाजसेवा सांगितली. त्यानं नकार दिला आणि 2002 मध्ये, वयाच्या 66 व्या वर्षी, तुरुंगात जाऊन काही महिने काढले.

मे 2023 मध्ये तो गेला तेव्हाच्या मृत्युलेखांत ‘थोर खेळाडू, पण खासगी आयुष्यात डाग’ अशी मांडणी दिसली. एक पारडं इकडे, एक तिकडे. मला ती पटत नाही. 1966 चा इंग्लंडमधला नकार आणि 2002 चा कॅलिफोर्नियातला नकार एकाच तोंडून आलाय. मला कुणी सांगायचं नाही, हे वाक्य मालकाला उद्देशून असतं तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. घरातल्या बाईसमोर तेच वाक्य आलं की तिला जायला जागा उरत नाही. ज्या माणसानं टोळीतल्या पोरांना राग आवरायला शिकवलं त्यानं स्वतः त्या शिकवणीला बसायला नकार दिला, आणि याची त्याला कधी लाज वाटल्याचं दिसलं नाही.

त्याचं मैदान सोडणं मात्र पुढच्यांच्या कामी आलं. 1999 मध्ये बॅरी सँडर्स हा फुटबॉलपटू एकूण यार्डांच्या विक्रमाच्या अगदी जवळ असताना निघून गेला. 2019 मध्ये अँड्र्यू लक हा आणखी एक फुटबॉलपटू 29 व्या वर्षी थांबला, दुखापतींना कंटाळून, आणि स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. खेळाडूनं स्वतःच्या शरीराचा हिशोब स्वतः केला की अजूनही तिकीट काढणाऱ्याला राग येतो. लीगनं 2023 पासून सर्वाधिक यार्ड धावणाऱ्याला जिम ब्राउनच्या नावाचा पुरस्कार सुरू केलाय. मालकांच्या लीगनं! यावर तो काय म्हणाला असता, याचा अंदाज तुम्हीच करा. मी थांबतो, प्रश्न असतील तर विचारा.